नातीसाठी साठवलेली थंडी

“क्लोव्हिस, एसीतून वारा येत नाहीये!” व्हर्ली पाहुण्यांच्या खोलीतून ओरडली.

“येईल गं. जरा दम धर.”

“मघापासून हवेच्या जाळीखाली हात धरून उभी आहे. तिच्यापेक्षा माझ्या फुंकरीचा वारा जास्त लागतोय!”

क्लोव्हिस बादोच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. जूनचा पहिला शनिवार. बायूवरून, म्हणजे घराजवळच्या संथ, दलदलीच्या ओढ्यावरून येणारी हवा सकाळीच इतकी दमट झाली होती की मीठदाणीतलं मीठ बाहेर यायला तयार नव्हतं. आणि नेमकं आज दुपारी त्याची लेक सेलेस्त, जावई एरिक आणि विहीणबाई मिनेसोटाहून लुईझियानात यायचे होते. त्यांच्यासोबत अडीच महिन्यांची ओडील. क्लोव्हिसच्या आईचं नाव ठेवलेली ही नात त्याने अजून नुसती फोनवर पाहिली होती. व्हर्ली बाळंतपणाला जाऊन आली. हा मात्र ऐन वेळी पाठ धरल्यामुळे घरी पडून राहिला होता आणि ते दुःख त्याने गावात भेटेल त्याला ऐकवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मागच्या आठवड्यात सेलेस्तचा फोन आला. “पपा, बाळाला तुमच्या घरातली हवा सोसली तर आम्ही तुमच्याकडेच राहू. नाहीच सोसली तर हायवेवरच्या मोटेलात खोली सांगून ठेवलीय. मनाला लावून घेऊ नकोस हं.”

आता असं सांगितल्यावर कुठला आजोबा मनाला लावून घेणार नाही? आजोबाचं चांगलं प्रशस्त घर असताना नात मोटेलात झोपणार! क्लोव्हिसने माळ्यावरचा सायप्रसच्या लाकडाचा पाळणा खाली काढला. त्यात सेलेस्त झोपली होती आणि तिच्या आधी तो स्वतः झोपला होता. पाळणा घासला, पुसला, त्याला तेल लावलं. आता त्यात एकदा ओडील झोपली की झालं. यापलीकडे त्या माणसाला आयुष्याकडून काही नको होतं. निदान त्या आठवड्यात तरी नको होतं.

हवा सोसणार नाही म्हणजे उकडेल, हे त्याला कुणी फोड करून सांगायला नको होतं. पुरावाच होता ना! दोन वर्षांपूर्वी सेलेस्तच्या लग्नाला विहीणबाई, म्हणजे मिस आर्डिस, याच घरात उतरल्या होत्या. बाई सालस, पण घरात म्हणून टिकत नव्हत्या. जरा बसल्या की उठून बाहेर ओसरीवर, तेही भर दुपारी. तिकडची माणसं तोंडाने तक्रार करत नाहीत. “कसं वाटलं आमचं घर?” असं क्लोव्हिसने मोठ्या हौसेने विचारलं, तर त्या म्हणाल्या, “वेगळं आहे.” बस्स, एवढंच! बर्फात वाढलेली बाई, तिला घरात घुसमटलं असणार, म्हणून बिचारी वाऱ्यासाठी बाहेर पळत होती, असं क्लोव्हिसने ओळखलं आणि ते त्याच्या काळजात रुतून बसलं. कारण त्याची उभी हयात साखर कारखान्यात, बॉयलरपाशी गेली होती. दाराच्या आत पाऊल टाकताच अंगावर काटा आला पाहिजे, हीच त्याची सुखाची कल्पना. त्याच्या घरात कुणाला उकडावं?

म्हणून यंदा त्याने कसलीही कसर ठेवली नव्हती. काल रात्री झोपण्याआधीच त्याने एसीचा काटा पार तळाला नेला. मग घरभर फिरून बाकीच्या सगळ्या खोल्यांतल्या हवेच्या जाळ्या बंद केल्या, म्हणजे सगळा गारवा एका पाहुण्यांच्या खोलीत जमा व्हावा.

“अरे, पाहुणे उद्या दुपारी येणार,” व्हर्ली म्हणाली होती. “आत्तापासून कुणासाठी गार करतोयस?”

“थंडी साठवतोय.”

“थंडी म्हणजे काय पाणी आहे, टाकीत साठवायला?”

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

व्हर्लीला खरंच नाही कळलं. संसाराच्या इतक्या वर्षांत न कळलेल्या गोष्टींत तिने आणखी एकीची भर घातली आणि कूस बदलली. आणि आता सकाळी एसी नुसता घुंईं घुंईं करत होता, वाऱ्याचा पत्ता नव्हता आणि भिंतींना घाम फुटायला लागला होता.

क्लोव्हिसने एसीवाल्याला फोन केला. अख्ख्या गावाचे एसी त्याच आठवड्यात रुसले होते. तो म्हणाला, सोमवारी येतो. तेवढ्यात मागच्या अंगणात टी-बॉयची गाडी येऊन थांबली. टी-बॉय हा व्हर्लीचा धाकटा भाऊ. वय साठीला टेकलेलं, पोट पिंपासारखं, पण नाव अजून टी-बॉयच, म्हणजे ‘बारका पोर’. आपल्याकडेही एखादा बाळ्या पणजोबा झाला तरी बाळ्याच राहतो, तसंच. तो आला होता दुपारच्या जेवणाची तयारी करायला. पाहुण्यांसाठी क्रॉफिश उकडायचे होते. क्रॉफिश म्हणजे चिखलातली बारकी शेवंड समजा. त्याने गाडीतून भलंमोठं पातेलं उतरवलं, गॅसची शेगडी उतरवली आणि जिवंत क्रॉफिशची वळवळणारी पोती सावलीत टाकली.

“टी-बॉय, ते राहू दे. आधी एसी बघ.”

टी-बॉयने बोळातल्या कपाटाचं दार उघडलं, आतल्या यंत्राचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

“काय रे? मेला का?” क्लोव्हिसने घाबरून विचारलं.

“मेला नाही. गोठलाय. ये, बघ.”

क्लोव्हिसने डोकावून पाहिलं. यंत्रातल्या नळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी पांढरीशुभ्र बर्फाची लादी बसली होती.

“एक सोडून सगळ्या जाळ्या तू बंद करून ठेवल्यास,” टी-बॉय म्हणाला. “त्याने वारा काढायचा कुठून? वरून काटा तळाला. रात्रभर काम करून करून बिचारा स्वतःच गारठला.”

“मग आता?”

“आता काय? बंद करायचा, जाळ्या उघडायच्या आणि बर्फ वितळायची वाट बघायची. संध्याकाळ उजाडेल. तोवर यात माझी बीअर ठेवू का?”

“टी-बॉय, मेल्या!” व्हर्ली म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. “म्हणजे गावातलं सगळ्यात गरम घर आपलं, आणि बर्फाची लादीही आपल्याच घरात!”

 हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे क्लोव्हिसला कळत होतं. तो पाहुण्यांच्या खोलीत गेला, पाळण्याच्या कडेवरून हात फिरवला, तर लाकूडसुद्धा ओलसर लागलं.  विमान एव्हाना उडालं असेल. पोरगी दारात पाऊल टाकेल, बाळाच्या मानेवर हात लावून बघेल आणि तशीच गाडीत बसून मोटेलात जाईल.

मग त्याला माळ्यावरचा पंखा आठवला.

त्याच्या बापाच्या काळी एसी नव्हते, तेव्हा गावातली सगळी घरं या पंख्यावर उन्हाळा काढत. बोळाच्या छतात बैलगाडीच्या चाकाएवढा पंखा बसवलेला. तो घरातली हवा वर ओढून माळ्यावाटे बाहेर फेकतो आणि तिच्या जागी खिडक्यांतून बाहेरची हवा घरात धावते. एसी आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. क्लोव्हिसने भिंतीवरचं जुनं गोल बटण फिरवलं. वर काहीतरी खाकरलं. छतातल्या फळ्या एकदम उघडल्या आणि वर्षानुवर्षांची धूळ, गांधीलमाश्यांची तीन वाळकी पोळी आणि सेलेस्तचा लहानपणी हरवलेला चेंडू, असं सगळं क्लोव्हिसच्या डोक्यावर पडलं. पण पंखा फिरला! विमानतळावर असावा तसा आवाज करत फिरला.

“बघितलंस?” धुळीतून क्लोव्हिस ओरडला. “माझ्या बापाने बसवलाय! खिडक्या उघड सगळ्या!”

इथे दुसरी अडचण निघाली. दुपार झाली तरी खिडक्या उघडेनात. मागच्या वर्षी क्लोव्हिसनेच त्यांना रंग दिला होता, तो घाईघाईने चौकटीसकट फासला होता, आणि वाळल्यावर खिडकी आणि चौकट यांचा जन्माचा संसार सुरू झाला होता. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात पोहोचेपर्यंत रंग संपला, म्हणून त्या दोन खिडक्या तेवढ्या मोकळ्या राहिल्या होत्या. त्या दोन्ही त्याने सताड उघडल्या. आणि काय सांगावं, घरात वारा खेळायला लागला. गार नव्हता, दमट होता, पण वारा होता. पडदे हलले. व्हर्लीच्या कपाळावरची बट उडाली.

“बरं वाटतंय की रे,” ती म्हणाली.

“संध्याकाळपर्यंत असंच रेटायचं. तोवर एसी सुरू होतो. कुणाला काही बोलायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, जुन्या पद्धतीचा गारवा.”

“आणि खोटं पकडलं गेलं तर?”

“तू फक्त हस. तुझं हसणं बघून कुणी काही विचारत नाही.”

ही स्तुती होती की आणखी काही, हे ठरवायला व्हर्लीला वेळ मिळाला नाही, कारण फाटकात गाडी वाजली.

सेलेस्त उतरली. तिच्या छातीशी पांढरं गाठोडं. क्लोव्हिस ओसरीच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरला, पाठ गेली खड्ड्यात. गाठोड्यातून एक लालसर चेहरा दिसला, मिटलेल्या मुठी दिसल्या आणि त्याच्या आईची हनुवटी दिसली. अगदी तीच हनुवटी. 

“आण,” तो हात पुढे करून म्हणाला.

“पपा! अरे, काय हा अवतार? केसात काय आहे हे? गांधीलमाशी?” सेलेस्त मागे सरकली. “आधी आंघोळ कर, मग घे तिला.”

“एवढीशी धूळ आहे गं.”

“आंघोळ!”

नातीला घ्यायला पसरलेले हात त्याने तसेच वळवून विहीणबाईंची बॅग घेतली. मिस आर्डिस उंच, ताठ, गोऱ्यापान. त्यांच्या हातावर जाड लोकरी स्वेटर होता. विमानात गार लागत असेल, असं म्हणून क्लोव्हिसने मनातल्या मनात तो विषय संपवला. बॅगही दगडांनी भरल्यासारखी जड होती. त्याचाही त्याने विचार केला नाही. माणसाला एकच भीती असली की बाकीचं काही दिसत नाही.

सेलेस्त बाळाला घेऊन ओसरीवरच्या झोपाळ्यावर टेकली. “पाच मिनिटं इथेच बसते. मग आत येऊन बघते, हवा कशी आहे ते.”  मिस आर्डिस मात्र आत आल्या, बोळात थांबल्या, वर पंख्याकडे पाहिलं.

“हे... वेगळं आहे,” त्या म्हणाल्या.

झालं! क्लोव्हिसने व्हर्लीकडे पाहिलं. व्हर्ली हसली.

“जुन्या पद्धतीचा गारवा, मिस आर्डिस,” तो घाईने म्हणाला. “तुम्ही हातपाय धुवून घ्या. तोवर आणखी छान होतं बघा.”

मिस आर्डिस न्हाणीघरात गेल्या. त्यांनी दार लावलं की पंख्याने ते ओढून घेतलं हे सांगणं कठीण. पण दार असं धाडकन बसलं की भिंतीवरचं सेंट जोसेफचं चित्र वाकडं झालं.

इकडे मागच्या अंगणात टी-बॉयचं पाणी खळखळा उकळलं होतं. क्लोव्हिसने त्याला बजावलं होतं, पातेलं पार मागे, गोठ्यापाशी लाव, घराला धग नको. पण पाण्याचा नळ स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सावलीही तिथेच, आणि टी-बॉयचं पोट हे असं. त्याने पातेलं नळापाशीच मांडलं होतं. चव बघायला थोड्या मसाल्यातले परातभर क्रॉफिश त्याने आधीच उकडून काढले होते; आता खरा उकडीचा मसाला टाकायची वेळ झाली. टी-बॉयचा मसाला सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. त्यात लाल तिखटच इतकं की तो टाकताना जाणती माणसं वाऱ्याची दिशा बघून उभी राहतात. टी-बॉयनेही बघितली. वारा खिडकीकडे होता. तो शहाण्यासारखा दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि त्याने अख्खी बरणी पातेल्यात उपडी केली.

लाल वाफेचा ढग उठला, घटकाभर पातेल्यावर विचार करत थांबला आणि मग बापाने बसवलेल्या त्या पंख्याने त्याला सबंधच्या सबंध स्वयंपाकघरात ओढून घेतलं.

पहिल्यांदा व्हर्ली खोकली. मग एरिक शिंकला. तो मिनेसोटाचा पोरगा, मिरी म्हणजे तिखटाची हद्द मानणारा. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “मिस्टर क्लोव्हिस, हे... हे काय आहे?”

“जुन्या... ठ्ठक्... पद्धतीचा...” क्लोव्हिसला पुढे बोलवेना. नाकातोंडात आग पेटली होती.

“पंखा बंद कर!” व्हर्ली पदर नव्हता म्हणून एप्रन नाकाला लावून किंचाळली.

क्लोव्हिस चाचपडत बोळात गेला, बटण धरलं, जोर लावून फिरवलं आणि बटण मुळासकट त्याच्या हातात आलं. पंखा आणखीच जोरात गरजला, निदान त्याला तरी तसं वाटलं. पुढच्या दारातून सेलेस्तचा आवाज आला, “पपा, आत काय चाललंय?”

“आत येऊ नकोस! बाळाला आत आणू नकोस!” क्लोव्हिस ओरडला आणि त्याच क्षणी त्याला आपल्या शब्दांचा अर्थ कळला. ज्या घरात नातीला आणायचं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच घराच्या दारात उभा राहून तो स्वतः ‘आणू नकोस’ म्हणत होता. त्याला रडूच आलं. तिखटामुळे ते कुणाला कळलं नाही, एवढीच काय ती तिखटाची कृपा.

त्याने बोळाच्या मागच्या भिंतीवरचा विजेचा मोठा खटका खाली पाडला. सगळ्या घराची वीज गेली. पंखा कण्हत थांबला. आणि त्या शांततेत व्हर्लीने विचारलं, “मिस आर्डिस कुठे आहेत?”

तिघंही न्हाणीघराकडे धावले. दमट हवेने दार फुगलं होतं आणि चौकटीत असं बसलं होतं की जसं काही ते आत असलेल्या बाईसकट भिंतीचाच भाग आहे.

“मिस आर्डिस! घाबरू नका! आम्ही आलो!”

आतून उत्तर नाही.

“आई!” एरिकने दारावर थाप मारली. काही नाही.

“बेशुद्ध पडल्या असतील,” व्हर्ली पांढरीफटक पडली. “त्या खिडकीतूनही गेला असेल ना रे तो धूर. देवा, विहीणबाईंना आम्ही तिखटाने मारलं!”

“बाजूला व्हा,” क्लोव्हिस म्हणाला. त्याने पाठीला मनोमन रामराम केला आणि खांदा दिला; शेजारी एरिकनेही दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्या धडकेला दार उघडलं आणि सासरे-जावई दोघंही आत आडवे झाले.

न्हाणीघर रिकामं होतं. खिडकी उघडी. टबाच्या काठावर टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला आणि त्यावर लोकरी स्वेटर, तोही घडी घालून.

मागच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला.

पातेल्याशेजारी पालथ्या बादलीवर मिस आर्डिस बसल्या होत्या. बाह्या कोपराच्या वर, गाल टोमॅटोसारखे, हात क्रॉफिशच्या रसाने माखलेले. टी-बॉय त्यांना डोकं पिरगळून शेपूट कसं सोलायचं ते शिकवत होता.

“दार अडकलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हाका मारून तुम्हाला त्रास कशाला द्यायचा, म्हटलं. खिडकी होतीच. शेतावर वाढलेय मी.”

“लई भारी बाई आहे!” टी-बॉय म्हणाला. “अर्धी परात संपवलीय. डोळ्यांतनं पाणी काढते, पण थांबत नाही.”

सेलेस्त बाळाला घेऊन घराला वळसा घालून आली होती. नवऱ्याचे सुजलेले डोळे, आईच्या नाकाला एप्रन, बापाच्या हातात पंख्याचं बटण. “आता कुणीतरी मला नीट सांगणार आहे का?”

क्लोव्हिसने बटणाकडे पाहिलं. मग ते खिशात टाकलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“सांगतो,” तो म्हणाला. “एसी बंद आहे. सकाळपासून. एसीवाला सोमवारशिवाय यायचा नाही. माझ्याच मूर्खपणामुळे. तुमच्यासाठी थंडी साठवायला गेलो आणि सगळं यंत्र गोठवून बसलो. पंखा लावला, तर हा असा धुरळा. घर गरम आहे, ओलं आहे, वर तिखटाने भरलंय.” त्याने पाळणा ठेवलेल्या खोलीकडे पाहिलं. “मला फार वाटत होतं गं, की ओडील त्या पाळण्यात झोपावी. एकच रात्र झोपली असती तरी चाललं असतं. पण लेकराला माझ्या हट्टापायी उकाड्यात नको. तुम्ही मोटेलात जा. मी पोहोचवतो.”

 सेलेस्तने एरिककडे पाहिलं. एरिकने आईकडे पाहिलं.

“एसी बंद आहे?” सेलेस्तने विचारलं. “म्हणजे पूर्ण बंद?”

“पूर्ण.”

“आणि सोमवारपर्यंत कुणी येणार नाही?”

“नाही.”

एरिक वळला, ओसरीकडे गेला आणि ती दगडासारखी जड बॅग फरफटत घेऊन आला. अंगणाच्या मधोमध ठेवून त्याने तिची चेन उघडली. आतून लोकरीची टोपडी निघाली, पायमोजे निघाले, दोन जाड दुलया निघाल्या, मिस आर्डिसचे आणखी तीन स्वेटर निघाले आणि शेवटी रबराची गरम पाण्याची पिशवी निघाली. जूनच्या त्या उकाड्यात नुसतं ते सगळं बघून टी-बॉयला घाम फुटला.

“हे काय? कुठे निघालात, उत्तर ध्रुवावर?” त्याने विचारलं.

“तुमच्याकडे,” एरिक ओशाळून म्हणाला.

“पपा,” सेलेस्त म्हणाली, “अरे, घरातली हवा सोसली तर, असं मी म्हटलं ते गारठ्यामुळे! तू घर असं करून ठेवतोस की दूध बाहेर ठेवलं तरी नासू नये. डॉक्टरांनी बजावलंय, एवढ्याशा बाळाला गार खोलीत झोपवू नका म्हणून. तुला तोंडावर सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून आम्ही मोटेलचं काढलं.”

क्लोव्हिस विहीणबाईंकडे वळला. “पण तुम्ही... लग्नात... तुम्ही सारख्या बाहेर जात होतात. वाऱ्याला.”

“उन्हाला,” मिस आर्डिस म्हणाल्या. त्यांनी हात पुसले आणि जरा खाकरल्या. तक्रार करायची सवय नसल्याने त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. “मिस्टर क्लोव्हिस, आमच्याकडे तळी गोठतात. त्यावरून आम्ही गाड्या नेतो. पण मी जन्मात कधी तुमच्या दिवाणखान्याइतकी कुडकुडले नव्हते. आज तुमच्या घरात शिरले आणि पहिल्यांदाच माझे पाय गरम झाले. मला वाटलं, मुद्दाम माझ्यासाठी केलंत. फार बरं वाटलं मला.”

व्हर्लीने एप्रनमध्ये तोंड खुपसलं. ती रडतेय की काय म्हणून क्लोव्हिस जवळ गेला, तर ती हसत होती, इतकी की तिला उभं राहवेना. “थंडी साठवतोय म्हणे! टाकीत!” मग टी-बॉय हसला, मग सेलेस्त आणि सगळ्यांत शेवटी, नाक पुसत, क्लोव्हिससुद्धा.

दुपारभर दारं सताड उघडी ठेवून त्यांनी घरातलं तिखट बाहेर घालवलं. अंगणात वर्तमानपत्रं अंथरून क्रॉफिश, मका आणि बटाटे यांचा ढीग ओतला आणि सगळे तुटून पडले. तीन रात्रींसाठी आलेली मंडळी आता आठवडाभर राहणार, असं पानावरच ठरलं. ओडील सायप्रसच्या पाळण्यात, दाराजवळच्या वाऱ्यात, नुसत्या झबल्यावर एक झोप काढून उठली. क्लोव्हिसने आंघोळ करून येऊन पाहिलं तोवर ती जागी होऊन आईकडे गेली होती; पण पाळण्यातल्या चादरीवर तिच्या डोक्याएवढा खळगा होता. त्याने तो बराच वेळ पाहिला.

संध्याकाळी टी-बॉय बोळातून नाचत आला. “वितळलं! सगळं वितळलं! लावू का एसी?”

“नको!” सगळे एकदम ओरडले. त्यात सगळ्यांत मोठा आवाज क्लोव्हिसचा होता.

ओरडून झालं आणि मग त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. आठवडाभर एसी नाही! आंघोळीनंतर घातलेला सदरा एवढ्यातच पाठीला चिकटला होता. बॉयलरपाशी जन्म काढलेल्या माणसाचा जीव कासावीस झाला. तो इकडेतिकडे बघत उठला, खुंटीवरची गाडीची किल्ली हळूच खिशात घातली आणि पायऱ्यांकडे निघाला. गाडीत एसी होता. घटकाभर काचा लावून बसायचं, कुणाला काय कळतंय!

“कुठे निघालास?” व्हर्लीने विचारलं.

“जरा दुकानातून बर्फ घेऊन येतो.”

“घरातला पुरला नाही वाटतं?”

तेवढ्यात सेलेस्त ओसरीवर आली. “पपा, आंघोळ झाली ना? मग धर हिला. मी दोन घास खाऊन येते.” आणि तिने ओडीलला त्याच्या हातात दिलं.

क्लोव्हिस झोपाळ्यावर बसला, अगदी सावकाश, काचेचं भांडं घेऊन बसावं तसा. ओडीलने त्याच्याकडे पाहिलं, ती हनुवटी थरथरली, आता रडते की काय असं वाटलं. पण तिने एक जांभई दिली, त्याच्या ओल्या सदऱ्याची चुणी मुठीत धरली आणि झोपून गेली. क्लोव्हिसने श्वास रोखून धरला. समोर झाडाखाली त्याची गाडी उभी होती. किल्ली खिशात टोचत होती. कपाळावरून घामाची धार निघाली, भुवईवरून नाकावर आली, नाकाच्या शेंड्याला लोंबली. हात हलवला तर पोर जागी होईल, म्हणून त्याने ती तशीच लोंबू दिली.

सेलेस्त जेवून आली, बाळाला घ्यायला वाकली. त्याने नजरेनेच तिला परत पाठवलं. अंधारायला लागलं. बायूकडून बेडकांचा कालवा सुरू झाला. व्हर्ली आतून चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

“पार भिजलास रे,” ती म्हणाली आणि वारा घालायला लागली.

“हळू घाल,” क्लोव्हिस कुजबुजला. “हिला थंडी वाजेल.”